सातवं सॉफ्टवेअर

मामा : ...म्हणून ते करडं सॉफ्टवेअर मी बाद केलं. करड्या पडद्यासमोर माणसाला राग येत नाही, आणि राग आल्याशिवाय रॅप होत नाही.

भाची : मामा, रॅप स्पर्धेचा फॉर्म आज पाचला बंद होतोय. आत्ता चार वाजून गेलेत. मोबाईलच्या दुकानातून अर्धी सुट्टी टाकून मी रंग बघायला आलेय का?

मामा : रंग नाही गं, सल्ला द्यायला. गाणी बनवायची सहा सॉफ्टवेअर बघितली. पहिल्यात इतकी बटणं, की विमानसुद्धा लाजेल. दुसरं विचारतं, 'तुम्ही नवखे आहात का?' बावीस वर्षं शाळेची बस चालवतोय मी, आणि मला नवखा म्हणतं! तिसरं करडं. चौथं...

भाची : बीट कशात बनवलीस ते सांग.

मामा : चौथ्यात. फुकट आहे. सगळं करू देतं, फक्त सेव्ह करू देत नाही.

भाची : काय?

मामा : बंद केलं की गेलं. म्हणून मी बंदच करत नाही. अकरा दिवस लॅपटॉप चालू आहे.

भाची : आणि बॅटरी?

मामा : ती कधीच मेली. वायरवर जगतोय बिचारा.

मामी : अकरा दिवस गं! 'टेबल हलवू नकोस, दचकेल. झाडू जपून मार, धूळ जाईल.' बाळंतिणीचेसुद्धा एवढे लाड कुणी केले नसतील. आणि भिंतीपलीकडून दिवसभर ते धुम्-धुम्. डोकं उठलंय माझं.

मामा : मामीकडे लक्ष देऊ नकोस. तिला कलेतलं कळत नाही.

मामी : कळतं हो, चांगलं कळतं. बासरी आणलीत, दोनदा फुंकलीत, गेली माळ्यावर. माशांची टाकी आणलीत, तिला तीन वर्षं झाली. मासे राहू देत, पाण्याचा थेंब बघितला नाही तिनं. भाचीबाई, तुझ्या मामानं आयुष्यात पूर्ण केलेली एकच गोष्ट म्हणजे ताटातलं जेवण.

मामा : म्हणूनच तर पाठवायचंय! बसमधली पोरं रोज विचारायची, 'काका, गाणं झालं का?' मी रोज म्हणायचो, 'झालंच.' आता ती विचारतही नाहीत, नुसती हसतात. लागतं गं ते मनाला. एकदा तरी काहीतरी शेवटच्या स्टॉपपर्यंत न्यायचंय मला.

भाची : मग ने ना! सेव्ह होत नसलं तरी गाण्याची फाइल निघते यातून. हे बटण. दाबू?

मामा : थांब, थांब! यातूनच काढायची, की आधी सहावं नीट बघायचं? सहाव्यात बेस म्हणे पोटात घुमतो.

भाची : मामा, दाबते मी.

मामा : दोन मिनिटं! असा घाईघाईनं निर्णय... अगं, हे काळं का झालं?

भाची : मी हातही लावला नाही.

मामी : मी काढली वायर. इस्त्रीला दुसरी जागा कुठाय या घरात?

भाची : मामी!

मामी : काय झालं? अहो, असे खाली का बसलात?

भाची : वायर दे, लाव परत. चालू झालं... गेलं, मामी. कोरी पाटी. बीट, मामाचा आवाज, सगळं.

मामी : अगंबाई!

मामा : जाऊ दे. ठेवा हा लॅपटॉप माळ्यावर, बासरीशेजारी.

मामी : अहो, मी तुमचाच शर्ट इस्त्री करत होते. गाण्याबरोबर फोटो पाठवायचाय म्हणालात ना सकाळी. म्हटलं, चुरगळलेल्या शर्टात कसले दिसाल. चुकलंच माझं.

मामा : तुझं नाही गं. ती बटण दाबत होती, ब्रेक मी मारला.

मामी : ऐका बरं. धुम्. धुम्-टक. धुम्. मग तुम्हाला शिंक येता येता राहते, तेवढं थांबायचं. मग टक-टक-धुम्. बरोबर?

मामा : शिंकेचं तुला कसं माहीत?

मामी : अकरा दिवस भिंतीपलीकडे कोण होतं? भांडी त्याच ठेक्यावर घासते मी. परवा बँकेच्या रांगेत पायानं तोच ठेका धरला, तर पुढची बाई वळून बघायला लागली. लाज आणलीत.

भाची : मामी, परत वाजव. इथे, कपाटाच्या दारावर. मामा, तू आत शीर.

मामा : आत?

भाची : आवाज घुमू नये म्हणून रजयांमध्ये बसूनच गातोस ना एरवी? शीर. मी फोन धरते.

मामा : फोनवर? अगं, मिक्सिंगचं काय? बेस?

भाची : मामी जोरात मारेल, तो बेस.

मामा : आणि माझा आवाज जास्त झाला तर?

मामी : तर दार लावून घेईन.

(दारावर थाप. रजयांमधून आवाज.)

मामा : पुढचा दरवाजा, मागचा दरवाजा,
मधे उभं राहून करू नका गाजावाजा!
घंटा झाली, गिअर पडला,
दप्तर चढलं, मालक अडला!

मामी : शिंकेची जागा आली, थांबा! हं, आता!

मामा : एक उतरला, दोन चढले,
चष्मे कुणाचे सीटखाली पडले!

भाची : बास, बास! मिळालं! पाचला दहा कमी आहेत. बाहेर ये, मामा. शर्ट घाल, फोटो काढू.

मामी : एकाच बाहीची इस्त्री झालीय.

भाची : मग एका अंगानं उभा राहा. हं, हसू नकोस, रॅपर आहेस. झालं. आता फॉर्म. 'वापरलेलं सॉफ्टवेअर.' काय लिहू?

मामा : सातवं.

भाची : नाव लागतं.

मामा : मामी लिही.

मामी : लिही, लिही. आणि पुढे लिही, वायर काढली तरी चालतं.

भाची : पाठवलं.

मामा : म्हणजे गेलं?

भाची : गेलं. मिळाल्याचं उत्तरही आलं.

मामा : पूर्ण झालं?

मामी : झालं हो. पूर्ण झालं.

मामा : मग... पूर्ण झाल्यावर काय करतात गं?

मामी : मला काय विचारता? तुमच्याबरोबर माझीही पहिलीच वेळ आहे.