कोंबड्यांचा खुराक

तुम्ही कोंबड्या पाळायच्या म्हणताय, तर माझं शहाणपण आधीच सांगून ठेवतो. पंच्याहत्तर साल असंल. लेक पहिल्या बाळंतपणाला मनमाडहून नाशिकला आमच्याकडं आली आणि मी जावयाला छाती काढून सांगितलं, "पाव्हणं, पोरीला रोज एक ताजं अंडं. दुकानातलं नाय, घरचं!"

परसात चार कोंबड्या होत्या, पण आठवड्याला दोन अंडी मिळायची मारामार. मला वाटलं, बिचाऱ्या अर्धपोटी असतील. बाजरी वाढवली, वर माझ्या ताटातली भाकरी कुस्करून घातली. अंडी आणखी कमी! मग मी शेंगदाणे सुरू केले.

लेक हसून म्हणायची, "राहू द्या आप्पा." ते हसणं मला लागायचं.

शेवटी शेजारच्या सखूमावशींना बोलावलं. त्यांनी एक कोंबडी उचलून पोटाखाली चाचपली. "आप्पा, ही कोंबडी हाय का भोपळा? चरबी झालीय हिला. अंडं कुठून घालंल?"

"पण मावशी, मी तर पोटभर खायला देतो!"

आमची मंडळी चुलीपुढून ओरडली, "खाऊन अंडी आली असती, तर तुम्ही कवाच खुराड्यात बसला असता!"

त्याच दिवशी तिनं कोंबड्यांचा आणि माझा खुराक एकदमच निम्मा केला. महिन्याभरात लेकीला रोज एक अंडं मिळू लागलं. खूश होऊन तिनं कोंबड्यांची बाजरी थोडी वाढवली. माझी भाकरी मात्र अजून निम्मीच आहे. मी काही अंडं घातलं नाही ना!