आत्याच्या पाठीतला धपाटा

मंडळी, एक सांगा — माणसाला माणसाशी जोडतं कोण? तार? की टॉवर? हसू नका! तिसऱ्या रांगेतले काका, तुम्ही तर मुळीच नको — तुमचा खिसा मघापासून चमकतोय!

ऐका. कोकणात मुरडेवाडी नावाचं गाव. एक आवार, दोन घरं, दोन जावा. थोरली कुमुद, धाकटी शैला. बोलणं बंद! कारण? इंटरनेट!

थोरलीनं घेतलं फायबर. म्हणजे केसाएवढी काचेची तार, तिच्यातून उजेड पळतो! धाकटी म्हणाली, मलाही हवं. थोरली म्हणाली, "माझ्या अंगणातून तुझी तार जायची नाही!" झालं! धाकटीनं छपरावर छत्री बसवली — हवेतून येणारं नेट! पण या छत्रीला डोंगरावरचा टॉवर सरळ दिसावा लागतो हो. आणि मधे काय? थोरलीचा फणस!

"वहिनी, तेवढी एक फांदी छाटा ना."

"सासूबाईंनी लावलेला फणस आहे तो!"

"सासूबाई माझ्याही होत्या!"

संपलं बोलणं.

अशात कुमुदच्या धाकट्या भावाला, उमेशला, मुलगी झाली. किती नवसांनी! बारसं जर्मनीत, आत्या मुरडेवाडीत. नाव तर आत्यानंच ठेवायचं! ठरलं — फोन बाळाच्या कानाशी, आत्या इकडून 'कुर्र' करणार. नाव तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं!

बारशाची सकाळ. घर कॅमेऱ्यात दिसणार! बाईंनी पडदे धुतले, गोधड्या धुतल्या. वाळत घालायला दोरी पुरेना. समोर एक लांबलचक तार दिसली... नाही! मंडळी, नाही! ओली गोधडी — काचेच्या तारेवर!

कट्ट! घरातल्या डबीचा दिवा लाल!

नेटवाल्याला फोन. "ताई, उद्या बघतो." उद्या! त्याचा उद्या आणि आपलं नामस्मरण, दोन्ही सारखीच!

मोबाईल घेऊन विहिरीच्या काठावर गेली. नेटवर्कची एकच काडी. भावाचं तोंड दिसतं, पण हलत नाही! हिचा आवाज तिकडे पोचेना, त्याचा मात्र तुटत तुटत आला — "ताई, मुहूर्त टळतोय. लवकर जोड, नाहीतर हिची मैत्रीण ठेवेल नाव."

मैत्रीण?!

धावली ती शैलाच्या दारात. "शैला... तुझं नेट?"

"आहे की. गोल गोल फिरतंय. फांदीआड."

कुमुदनं पैठणी खोचली, कोयता घेतला, शिडी लावली. पैठणीत, मंडळी! "वहिनी, पडाल! थांबा, मी धरते!" शिडी शैलानं धरली, फांदी कुमुदनं तोडली. धडाड्! छत्रीला टॉवर दिसला!

"पासवर्ड सांग!"

"द्या, मीच टाकते."

"सांग गं!"

"...फणसतोडा. सगळं जोडून."

थोरली हसत हसत मटकन खालीच बसली! तशीच फोनवर ओरडली — "मंजिरी! कुर्रर्र!" आता, आत्यानं नाव घेतलं की बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. आवारात दुसरी बाई कोण? शैला! हात वर करून तयारच! असा घातला धपाटा — सगळ्या वर्षांचा हिशेब एका फटक्यात चुकता! तिकडे जर्मनीत बाळ दचकलं!

मंडळी, देवाचा टॉवर अखंड चालू आहे. छत्री तुमच्याही छपरावर आहे. मधली फांदी कोणाची? शेजाऱ्याकडे बघू नका, आपलंच झाड बघा!

काका, ठेवा तो फोन. काय म्हणता? रुसलेल्या भावाला लावायचाय? मग उठा, बाहेर जा, बोलून या — तोवर मी आरती थांबवतो!