दोनदा हजर

नंदिनी : ...म्हणजे कारकुनाची चूक, असंच ना तुमचं म्हणणं, गुरुजी?

गणपतराव : तर वो! सबंध राज्याच्या चौथीचे पेपर पुण्याला एका खोलीत ओतल्यावर इकडचं तिकडं व्हायचंच की, बाई. तुमच्या पद्मजाचं नाव ढिगात राहिलं असंल. मी पत्र टाकतो.

नंदिनी : राहिलेलं नाही. निकालपत्रकात आहे. 'पद्मजा यज्ञेश्वर बावडेकर, गैरहजर.' त्या दिवशी वेणी घालून, दोन शिसपेन्सिलींना टोक करून मी तिला या दारापर्यंत सोडलं होतं. तुम्हीच मला हसलात. म्हणालात, 'जावा आता घरला, पोरगी परीक्षेला आलीया, सासरला न्हाय.'

गणपतराव : म्हटलं असंल. माझं तोंड तसलंच हाय.

नंदिनी : ती कुठं बसली होती?

गणपतराव : त्या खांबाजवळ. आत्ता बसलीया की, तिथंच.

नंदिनी : आणि भिंतीवर लावलाय तो पेपर कुणाचा?

गणपतराव : तो व्हय! जिल्ह्यात पहिला आलाय, बाई! नमुना म्हणून वरनं परत पाठवलाय. सोमवारी शाळा तपासणारे दिपोटीसाहेब येणार हाईत, पोरीची पाठ थोपटायला. तुम्हीपण या.

नंदिनी : 'त्रिशला नेमगोंडा चौगुले.' या वर्गातली एकूण एक मुलगी मला चेहऱ्यानं ठाऊक आहे. मधल्या सुट्टीत मी रोज फाटकाशी उभी असते. एकोणचाळीस मुली आहेत. त्यांत त्रिशला नाही.

गणपतराव : असती की मधनंमधनं. जैनाची पोरगी, सणवार, उपास... चुकती शाळा.

नंदिनी : गुरुजी, मी आत्ता तिच्याच घरून येतेय.

गणपतराव : ...बसा, बाई. हे घ्या, बस्कर घ्या.

नंदिनी : नको. तिची आई, अक्काताई, जोंधळे पाखडत होत्या. मी विचारलं, त्रिशला आहे का घरात? त्यांनी सूप खाली ठेवलं. गेल्या आषाढात विषमज्वरानं गेली म्हणाल्या. आठ दिवसांत. आषाढात गेलेली मुलगी फेब्रुवारीत परीक्षेला कशी बसली, एवढंच मला सांगा.

गणपतराव : हळू बोला. पोरगी ऐकतीया.

नंदिनी : तिनं ऐकायचं काय राहिलंय?

गणपतराव : मी नाव कमी केलं न्हाय, बाई. पटावरचं. चाळीस भरल्या तर ही मुलींची चौथी चालायची; एक जरी कमी झाली तर वर्ग मोडायचा आणि पोरी मुलांच्या शाळेत घालायच्या. कोण धाडणार? तानाबाईची पोरगी, अंबूबाईची पोरगी, दुसऱ्या दिवशी गोवऱ्या थापायला. तुमची पद्मजा श्रावणात आली तेव्हा कुठं एकोणचाळीस झाल्या. एकच कमी. म्हटलं, वर्षभर राहू दे नाव. नावाला काय जागा लागती?

नंदिनी : आणि हजेरीला 'हजर' कोण म्हणायचं?

गणपतराव : दिवाळीनंतर दिपोटी आला. स्वतः हजेरी घेणार म्हणाला. बाकीच्या पोरी त्रिशलाबरोबर खेळलेल्या, त्यांना कसं सांगायचं? तुमची नवी. तिला म्हटलं, बाळ, दोनदा हजर म्हणायचं. एकदा तिच्या नावाला, एकदा तुझ्या. म्हणाली, 'बरं.' काय खणखणीत म्हणाली! दिपोटीनं मान वर केली न्हाय.

नंदिनी : एकदाच ना?

गणपतराव : पुढं मीच रोज म्हणाय लावलं. सवय मोडाय नको म्हणून.

नंदिनी : रोज. माझ्या मुलीला. मेलेल्या मुलीच्या नावाला ओ द्यायला.

गणपतराव : माझ्या डोक्यात तसलं काय न्हवतं, बाई, शपथ. लाखबंद पाकिटातनं चाळीस कागद आले, चाळीस परत जायला पायजेत. मी तिला दोन्ही दिले. म्हटलं, तुझा नीट लिही, दुसऱ्यावर चार ओळी खरड. घंटा झाल्यावर बघतो, तर तिचा कोरा. दुसरा काठोकाठ भरलेला. विचारलं, पद्मे, तुझा का गं कोरा? म्हणाली, 'ती आली नाही, गुरुजी.' मला वाटलं, थट्टा करतीया.

नंदिनी : तुम्ही तो पेपर वाचलात?

गणपतराव : मी गुण बघितले. 'माझे घर', पाच ओळी. पोरींचं घरचं पुराण कोण वाचतंय!

नंदिनी : अक्षर पद्माचंच आहे. 'झ'ची गाठ मी गिरवून घेतली होती तशीच. पण ऐका. 'आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवतात. माझ्या भावाचे नाव पार्श्वनाथ, पण मी त्याला गुंडू म्हणते. माझे चिंचोके कणगीच्या मागे ठेवले आहेत. ते कुणाला सांगू नये.'

गणपतराव : गेली असंल कधी त्यांच्याकडं खेळायला.

नंदिनी : मला आज ती गल्ली विचारत विचारत शोधावी लागली. पद्माला मी फाटकाबाहेर एकटी सोडत नाही. हे मी इथून उतरवून नेऊन अक्काताईंना वाचून दाखवलं. त्या उठल्या, कणगीमागं खांद्यापर्यंत हात घातला. चिंध्यांची पिशवी निघाली. आतले चिंचोके किडले होते.

गणपतराव : आई गं.

नंदिनी : दिवाळीनंतर पद्मा दिवे लागल्यावर घास खात नाही. कांदा वेचून ताटाबाहेर ठेवते. तिचे वडील म्हणतात, लेकराचं खूळ. मीही तेच म्हणाले. मानसशास्त्र घेऊन बी. ए. झालेली बाई मी. मुलं अनुकरण करतात म्हणाले. कुणाचं, हे विचारलं नाही. पट काढा.

गणपतराव : सोमवारी दिपोटी आला तर पाठ कुणाची थोपटू?

नंदिनी : खरं सांगा त्याला.

गणपतराव : वर्ग मोडंल, बाई. एकोणचाळीस पोरी हाईत.

नंदिनी : एकोणचाळिसावी माझी आहे. ती तरी असू द्या त्यांत. काढा पट.

गणपतराव : ...हा काढला. तांबडी शाई वाळलीया, थांबा, पाणी घालतो. हं. त्रिशला नेमगोंडा चौगुले. नाव कमी. कारण?

नंदिनी : मयत. तारीख आषाढातलीच घाला, ती गेली त्या दिवसाची.

गणपतराव : घातली.

नंदिनी : आता पद्मासमोर हजेरी घ्या. पद्मा, बाळ, इकडे ये पाहू.

पद्मजा : लवकर घ्या, गुरुजी. दिवस मावळायला आलाय. जेवण खोळंबेल.

गणपतराव : व्हय, व्हय. लगेच सोडतो. एकच नाव... पद्मजा यज्ञेश्वर बावडेकर.

(पद्मजा दाराबाहेर कलत्या उन्हाकडे बघते. फाटकाबाहेर घोड्याच्या टापा येतात, जातात.)

गणपतराव : पद्मजा बावडेकर!

पद्मजा : गुरुजी, माझं नाव का वो खोडलासा? मी रोज येत हुते की.

गणपतराव : बाई... ही बोली त्रिशलाची... ही माझ्या वर्गात आषाढापर्यंत...

नंदिनी : पट मिटू नका. पुन्हा घ्या नाव.

गणपतराव : ती ओ देत न्हाय, बाई.

नंदिनी : घ्या म्हणते ना.

गणपतराव : पद्मजा... यज्ञेश्वर... बावडेकर.

नंदिनी : हजर.

गणपतराव : बाई, तुम्ही न्हाय म्हणायचं...

नंदिनी : ती येईपर्यंत मी म्हणेन. रोज येईन. लिहा, गुरुजी. हजर.