खुर्चीतली झोप

नियम करायची मला भारी हौस, त्याचंच ऐका. आम्ही मित्र फासे टाकून साहसाचा खेळ खेळतो. त्यातली जंगलं, राक्षस सगळं मी चालवतो. परवा मी नवा नियम काढला: प्रवासात कुठेही डुलकी काढली तर ती झोप धरायची नाही, धर्मशाळेत पलंगावर पाठ टेकली तरच वीरांच्या जखमा भरतील.

आमच्यातली मेघना म्हणाली, "फार छळतोस रे."

"नियम म्हणजे नियम."

शनिवारी शिफ्ट संपवून, बोम्मसंद्र्याहून बस बदलत तिच्या सर्जापूर रोडच्या फ्लॅटवर पोचलो आणि ऐन लढाईत बसल्याबसल्या झोपलो. जाग आली तर माझा राक्षस मेलेला.

"अगं, मी झोपलो होतो ना?"

"खुर्चीत," मेघना म्हणाली. "ती धरायची नाही."