नाहीसा झालेला हिरवा

जर्मनीतल्या येना शहरात, ट्रॅममध्ये माझ्या पुढच्या बाकावर म्हातारी रोझविथा तिच्या मैत्रिणीला, हेडाला, ती पूर्वी कामाला होती त्या भिंगांच्या कारखान्यातली गोष्ट सांगत होती.

“प्रकाशाचे रंग सुटे करायला हिऱ्याच्या टोकानं आरशावर बारीक रेघा ओढायच्या. अठरा दिवस खपले. मग दिव्यासमोर धरला, तर सगळे रंग होते, हिरवा तेवढा नव्हता.”

“म्हणजे बिघडवलास.”

“मलाही तेच वाटलं. राजीनामा लिहून साहेबांकडे गेले. त्यांनी आरसा केसभर फिरवला. हिरवा आला नि पिवळा गेला.”

“गेला कुठं?”

“म्हणाले, बिघाड नाही, तो रंग आरशाच्या अंगाला चिकटून रेघांवरून आडवा पळतोय.”

“बोट लावून बघायचंस.”

“वेडी आहेस? रेघा पुसल्या असत्या.”

“मग काय केलंत?”

“साहेबांनी दाराला कडी लावली. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत आम्ही दोघं आरसा केसाकेसानं फिरवत, आता कुठला रंग पळतो ते बघत बसलो.”