चार आगकाड्या

हार्डवेअरच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या सुताराच्या पुढेच नणंद-भावजयीचं बोलणं रंगलं होतं.

"वहिनी, खोलीचं दार लागलं का एकदाचं?"

"लागलं! पण तुझ्या दादाने आणलेला मिस्त्री आल्या आल्या रंधा काढून बसला. म्हणे, दार फुगलंय, तासावं लागेल."

"अगंबाई! आईने हौसेनं करून घेतलेलं दार ते!"

"म्हणून तर म्हटलं, खबरदार! वरच्या बिजागरीचा स्क्रू नुसता गरगर फिरत होता. भोकात चार आगकाड्या कोंबल्या, स्क्रू पिळला, अन् दार एका बोटाने लागलं!"

"आणि मिस्त्री?"

"बघतच राहिला."

"दादा?"

"सकाळपासून दार उघडतोय अन् लावतोय."

मागे सुताराने हातातला नवा कोरा रंधा हळूच फळीवर परत ठेवला.

"शेठ, काडेपेटी आहे का हो?"