ओठ दिसले पाहिजेत

नाही रे मितेश, आवाज खणखणीत आहे — अडतं ते चित्र. हे बघ, सलिल बोलायला तोंड उघडतो आणि तसाच उघड्या तोंडानं राहतो — आवाज पुढे निघून जातो, मग एकदम तो भलतीकडेच उभा. तुला-मला चालेल, आपल्याला कान आहेत. आमच्या हिला, श्यामलाला काय उपयोग? तिच्यासाठी ओठ म्हणजेच आवाज. सलिलच्या वेळी बाळंतपणात ताप आला, त्यात कान गेले, तेव्हापासून माणसांचे ओठ बघूनच चाललंय तिचं. आत्ता वाडीत सुपाऱ्या वेचतेय ना, तिथूनही वाचते — म्हणून मी खिडकीकडे पाठ करून बसलोय. मोबाइलवर? मोबाइलवर ओठ तांदळाच्या दाण्याएवढे दिसतात रे, पन्नाशी कधीच उलटली तिची. टीव्ही ही फाइल घेतच नाही.

कॉम्प्युटर म्हातारा झालाय, मान्य — सलिल पाचवीत होता तेव्हाचा. आणि व्हिडिओ त्याच्या नव्या फोनवर काढलेला, मग त्यानंच पाठवलेला, जड. काय करायचं म्हणतोस? फाइल लहान करून घ्यायची आणि हलका प्लेअर टाकायचा? दहा मिनिटं? एवढंच? — आणि मी सहा वर्षं हिला सांगतोय, हे दुरुस्त होत नाही म्हणून.

हो, सांगतोय. असा बघू नकोस. तू तुझं काम कर.

मांडव्याच्या जेटीवरचा आहे हा व्हिडिओ, सलिल जहाजावर रुजू व्हायला निघाला त्या दिवशीचा. ही तिकिटाच्या रांगेत होती. परत आली आणि विचारलं, एवढं काय बोलत होता हो? मी म्हटलं, तुझ्या घावनांची आठवण काढत होता, जहाजावर कोण घालून देणार म्हणून. हसली ती. चौथ्या महिन्यात फोन आला — डेकवरून पडला, देहसुद्धा मिळाला नाही — आणि मग तेवढं वाक्यच उरलं तिच्याकडे. दर वर्षी त्या तारखेला घावनं घालते. मी खातो. तिच्यासमोर बसून खातो, मितेश.

आता रविवारी नेत्रा येतेय, माझी पुतणी, नवा लॅपटॉप घेऊन. फोनवर म्हणाली, काका, माझ्याकडे झरझर चालेल, काकूला दाखवूच. म्हणून तुला आधी बोलावलं. सगळा नीट कर, फक्त मधली चाळीस सेकंदं — ती अडू देत. नाहीतर काप. कापता येतं ना? मूळ फाइलीतच काप. अख्खा पुसून टाकायला हात उठत नाही माझा, शेवटचा आहे तो त्याचा. खोटं बोललात तर पट्टी मारायचो मी तुम्हाला वर्गात, आठवतं ना — महादेव सर आले म्हटलं की चिडीचूप व्हायचात —

काय म्हणाला होता? ते कशाला तुला... म्हणाला, बाबा, मला भीती वाटतेय. पोटातून भीती वाटतेय, परत जाऊया ना घरी. फॉर्म मीच भरला होता. अख्ख्या रेवदंड्यात सांगून झालं होतं. मी फोन धरूनच म्हटलं, अरे रेकॉर्डिंग चालू आहे, हस — आणि हसला तो. लगेच हसला.

झालं? एवढ्यात? लाव. लाव ना, कापायच्या आधी एकदा लाव.

...

तिथूनच परत लाव.

आवाज पाठ आहे रे मला, ही बाहेर गेली की ऐकायचो — पण चेहरा सगळा तुकड्यातुकड्यांत. हे कधी दिसलंच नव्हतं. हसायच्या आधी बघ, खालचा ओठ — बघितलास? आणि बघतोय माझ्याकडे, फोनकडे नाही. मी तिथे उभा होतो, हातभर अंतरावर, आणि मी त्या काचेत बघत होतो — फ्रेम नीट आहे की नाही.

नको. हात काढ माउसवरून. कापू नकोस. नेत्रानं दाखवायचं आणि मी बाजूला उभं राहायचं — नको, तसं नको. मीच दाखवतो. आत्ताच.

तू नीघ. चहा पुढच्या वेळी. मागच्या दारानं जा आणि जाता जाता हिला खूण कर, म्हणावं, सर बोलावतायत... नाही, थांब. मी जातो, मीच बोलावतो. तू जा रे बाबा. जा.